मोटार, मालक आणि मिस्त्री

मोटारगाडी रस्त्यात बंद पडावी, गॅरेजातल्या मिस्त्रीने बॉनेटखाली डोकावून पाहावे आणि 'इंजिन उतरवावे लागेल' असा निर्वाळा द्यावा, की कोणत्याही घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, हा मनुष्य पैसे किती घेणार? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात विचारला जाणारा, हे काम आपल्याला घरी नाही का करता येणार? वरवर पाहता हा प्रश्न खिशाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी श्रमाचे मोल, ज्ञानाची मालकी आणि माणसामाणसांतील विश्वास अशा तीन गोष्टी आहेत. मोटारीचा जन्म झाला तेव्हापासून त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी त्याचा इतिहास पाहून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम या गावाहून बेर्था बेन्झ ही एकोणचाळीस वर्षांची गृहिणी आपल्या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन फोर्झहाइम येथे आपल्या आईकडे जाण्यास निघाली. वाहन होते तिचे पती कार्ल बेन्झ यांनी बनवलेली तीन चाकांची मोटार. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. इतका लांबचा प्रवास मोटारीने तोवर कोणी केलेला नव्हता. वाटेत गॅरेज लागण्याचाही प्रश्न नव्हता, कारण गॅरेज ही वस्तूच जगात अवतरलेली नव्हती. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बेर्थाने टोपीची लांब टाचणी घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले तेव्हा मोज्याचा पट्टा त्या तारेभोवती गुंडाळला, असे सांगतात. इंधन संपले तेव्हा वीस्लोख गावच्या औषधविक्रेत्याकडून कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रोइन नावाचे द्रव्य तिने विकत घेतले. साखळीचे काम मात्र तिने लोहाराकडून करवून घेतले आणि ब्रेकच्या झिजलेल्या ठोकळ्यांवर मोच्याकडून चामडे ठोकून घेतले.

या कथेत बेर्थाच्या धाडसाचे कौतुक नेहमी होते, आणि ते योग्यच आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटते. तुंबलेली नळी घेऊन ती लोहाराच्या दारी गेली नाही, आणि लोहाराचे काम स्वतः करण्याचा हट्टही तिने धरला नाही. आपल्या हातून होईल ते आपण करावे, ज्याला कसबी हात हवा ते कसबी माणसावर सोपवावे, हा विवेक मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात दिसतो. पुढची शंभरहून अधिक वर्षे या विवेकाचा तोल कसा ढळत गेला, तोच या लेखाचा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आणि युरोपात मोटार ही धनिकांची चैन होती. तिच्याबरोबर 'शोफर' नावाचा एक नवा नोकर घरात आला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ भट्टी पेटती ठेवणारा असा आहे. हा मनुष्य गाडी चालवी आणि मोडली तर दुरुस्तही करी. जुन्या घरगुती नोकरवर्गात त्याला जागा नव्हती. घोडागाडीच्या सारथ्याला मालक हुकूम करू शके, कारण घोडा मालकालाही थोडाबहुत कळत होता. यंत्र मात्र त्याला मुळीच कळत नव्हते. सुट्या भागांच्या आणि टायरांच्या खरेदीवर शोफर गॅरेजवाल्यांकडून दलाली घेतात, मालकाच्या पाठीमागे गाडी फिरवतात, अशा तक्रारींनी त्या काळच्या मोटारविषयक नियतकालिकांची पाने भरलेली असत. त्यांत तथ्य असेलच. पण नाण्याला दुसरी बाजूही होती. एका तंत्रज्ञाला सारथ्याच्या पंक्तीत बसवून त्याच्याकडून तंत्रज्ञाचे काम घेण्याचा मालकांचा प्रयत्न होता. कसबाचा मान न देता कसब विकत घेऊ पाहणारा आणि अज्ञानाचा लाभ उठवणारा असे दोघे समोरासमोर आले, की विश्वास उरत नाही.

हे चित्र पालटले ते हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' या गाडीने. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात सरकती जुळणी-साखळी सुरू झाली. आरंभी ८५० डॉलर असलेली किंमत विशीच्या दशकात ३०० डॉलरच्याही खाली उतरली आणि गाडी शेतकऱ्याच्या अंगणात आली. नांगर, कापणीयंत्र आणि पंप स्वतःच्या हाताने दुरुस्त करणाऱ्या त्या शेतकऱ्याला मोटारीचे भय नव्हते. गिअरमधील झिजलेले पट्टे बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे ही कामे तो घरच्या घरी करी. इतकेच नव्हे, तर मागचे चाक जॅकवर उचलून, त्याला पट्टा लावून, लाकूड कापायची करवतही चालवी. गाडीबरोबर कंपनी जी पुस्तिका देत असे ती प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेली होती. गाडी सुरू करण्यापूर्वी काय करावे, अमुक भाग कसा काढावा, असे प्रश्न आणि त्यांखाली साधी सरळ उत्तरे. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ करून प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेल्या आमच्या वाचकांना ही पद्धत नक्कीच ओळखीची वाटेल. जे ज्ञान सर्वांच्या हाती जावे अशी इच्छा असते, ते अशाच रीतीने लिहिले जाते.

त्याच फोर्ड कंपनीने विशीच्या दशकात आणखी एक प्रयोग केला. आपल्या विक्रेत्यांच्या गॅरेजांत कोणत्या दुरुस्तीला किती वेळ लागावा आणि तिचा किती दर घ्यावा, हे कंपनीनेच ठरवून द्यायला प्रारंभ केला. ग्राहकाला आधीच दर कळावा हा हेतू चांगला होता; पण मिस्त्रींना तो रुचला नाही, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. कारखान्यात प्रत्येक गाडी एकाच रीतीने जुळते. मोडते मात्र प्रत्येक गाडी आपापल्या रीतीने. गंजलेला बोल्ट कधी दोन मिनिटांत सुटतो, तर कधी अर्धा दिवस खातो. आजारी माणसासमोर बसलेल्या वैद्याप्रमाणे मिस्त्रीलाही आधी निदान करावे लागते, आणि निदानाला घड्याळ लावणे कठीण असते.

परंतु निदान परक्याच्या हाती गेले, की शंकेलाही वाट मिळते. १९४१ साली 'रीडर्स डायजेस्ट' या अमेरिकन मासिकाने एक परीक्षा घेतली. सुस्थितीतील मोटारीच्या इंजिनातील कॉइलची एक तार मुद्दाम सुटी करून ती गाडी ४८ राज्यांतील ३४७ गॅरेजांत नेण्यात आली. दोष डोळ्यांना दिसण्याजोगा होता. १२९ ठिकाणी मिस्त्रींनी तार पाहिली, जोडली आणि फुकट वा नाममात्र पैशांत गाडी परत दिली. उरलेल्या २१८ ठिकाणी जास्तीचे पैसे घेणे, नको असलेले भाग बसवणे, न केलेल्या कामाचे बिल लावणे असे प्रकार झाले. या परीक्षेची आठवण निघते तेव्हा २१८ चा आकडा सगळे सांगतात, १२९ चा फारसा कोणी सांगत नाही. आम्हांस दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. ग्राहक अज्ञानी आहे हे दिसत असूनही तार जोडून देऊन हात पुसणारी माणसे त्याच देशात, त्याच धंद्यात होती. आणि फसलेल्या प्रत्येक ठिकाणी, तारेची जागा ठाऊक असणारा मालक सहसा फसला नसता, हेही तितकेच खरे.

मालकाला ती जागा दाखवण्याचे काम इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी केले. ब्रिटिश हवाई दलात असताना एडन येथे एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही गाडी त्यांनी खोलून पुन्हा उभी केली आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले. त्यातून १९६६ साली त्यांची पहिली दुरुस्ती-पुस्तिका निघाली. कंपनीच्या कागदपत्रांवरून पुस्तक न लिहिता गाडी स्वतः खोलावी, स्वतः जुळवावी आणि घरगुती हत्यारांनी जे जमले ते लिहावे, ही त्यांची पद्धत होती. मजुरीचे दर चढत असलेल्या त्या देशात असंख्य कारकुनांनी आणि शिक्षकांनी या पुस्तिका समोर ठेवून सुट्टीच्या दिवशी आपल्या गाड्या दुरुस्त केल्या. हेन्स २०१९ मध्ये निवर्तले.

आपल्या देशातील कथा निराळी आहे. स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके आपल्याकडे मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडे, तिचेच पुढे 'पद्मिनी' झाले. बंगालमधील उत्तरपाडा येथून अॅम्बेसेडर निघे; तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. साहजिकच हाती असलेली गाडी वीस-वीस वर्षे जगवणे भाग होते. त्यामुळे मिस्त्रींची एक मोठी परंपरा उभी राहिली. तिला विद्यालय नव्हते, पाठ्यपुस्तकही नव्हते. दहा-बारा वर्षांचा पोरगा गॅरेजात येई, आरंभी पाने पुसून हातात देई, मग चाके खोली, मग उस्तादाच्या शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकायला शिके. त्या बालवयातील कष्टांचे गोडवे आम्ही गाणार नाही. ते वय शाळेत जाण्याचे होते. पण त्या परंपरेतून निघालेले कसब अस्सल होते. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. उत्पादन थांबल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ त्यांना धावते ठेवणारे हात या मिस्त्रींचेच होते.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मालकाने मात्र सहसा पाना हाती धरला नाही. मजुरी स्वस्त होती, हे एक कारण. दुसरे कारण सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण ते सांगणे आवश्यक आहे. हाताला काळे लागणे हे कमी प्रतीचे काम, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. ज्या प्रभूला नाझरेथकर सुताराचा पुत्र म्हणून ओळखत होते, त्याचे अनुयायीही या समजुतीपासून मुक्त नाहीत. शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन' हा तर केवळ सुतारापुरता नाही. लाकूड-दगडाचे काम करणारा कारागीर असा त्याचा व्यापक अर्थ आहे. संत पौल तंबू बनवून पोट भरत होता. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायात लोहार, कुंभार, मुद्रा कोरणारा अशा कारागिरांचे वर्णन येते. ते पंचांच्या सभेत बसत नाहीत, पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही, असा त्याचा आशय आहे. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत जोसेफचा सण म्हणून नेमून दिला, तोही याच जाणिवेतून. चर्च सांगते ते असे; आपण वागतो कसे, हे गॅरेजच्या बिलावर दिसते.

ते बिल जरा डोळ्यांसमोर आणावे. त्यात दोन रकाने असतात, एक सामानाचा आणि दुसरा मजुरीचा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकेट यांची छापील किंमत आपण मुकाट्याने देतो. घासाघीस सुरू होते ती मजुरीच्या रकान्याशी. 'चार बोल्ट तर खोलले!' हे आपले ठरलेले वाक्य. लोखंडाला किंमत आहे आणि ते कुठे बसवायचे हे जाणणाऱ्या माणसाला नाही, असा या वागण्याचा अर्थ होतो. मजुराचे वेतन सूर्य मावळण्याआधी द्यावे, अशी आज्ञा अनुवादाच्या ग्रंथात आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात त्यापुढे जाऊन सांगितले, की केवळ दोघांनी मान्य केले म्हणून वेतन न्याय्य ठरत नाही. कष्टाळू माणसाचा साधा संसार त्यावर चालला पाहिजे. गरजू मिस्त्री घासाघिशीनंतर 'बरं साहेब, द्या काय ते' म्हणतो, तेव्हा त्याने करार मान्य केला खरा, पण न्याय झाला असे म्हणता येत नाही.

मग मोठी दुरुस्ती स्वतः करावी की नाही? त्यासाठी मोठी दुरुस्ती म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. इंजिन जुने झाले, सायलेंडर आणि रिंगा झिजल्या, की तेल जळू लागते आणि मागून निळसर धूर येतो. अशा वेळी इंजिन साखळीच्या कप्पीने उचलून बाहेर काढावे लागते. ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवून सायलेंडरांचे बोअरिंग करावे लागते, क्रँक घासावा लागतो. परत जुळवताना हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंकडे, टप्प्याटप्प्याने, ठराविक जोराने आवळावे लागतात; एकीकडून सरसकट आवळत गेले तर हेड वाकते आणि केलेले सगळे काम वाया जाते. म्हणजे 'मी इंजिन घरी बांधले' असे अभिमानाने सांगणाराही बोअरिंगसाठी दुसऱ्याच्या दारी गेलेलाच असतो. उलट, मिस्त्रीही तेच करतो. लेथ त्याच्याकडेही सहसा नसतो. पूर्ण स्वावलंबन कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

हिशोबही नीट मांडावा लागतो. मजुरी वाचते, पण हत्यारे विकत घ्यावी लागतात, आठवड्याचे काम महिना खाते आणि चुकीची किंमत आपल्यालाच मोजावी लागते. ज्याला वेळ आहे, आवड आहे, मोकळी जागा आहे आणि शिकवणारे कोणी आहे, त्याने जुन्या गाडीचे इंजिन जरूर खोलावे. त्यातून मिळणारे ज्ञान आयुष्यभर पुरेल. मात्र एक सीमा पाळावी. चूक झाली तर गाडी केवळ बंद पडेल, असे काम शिकाऊ हाताला चालते. चूक झाली तर रस्त्यावरचा दुसरा मनुष्य मरेल, असे काम, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग, जाणत्याच्या देखरेखीवाचून करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीही, कधीही शिरू नये. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या बॅटरीत शेकडो व्होल्टचा दाब असतो. तिथे तर घरगुती प्रयोगाला थाराच नाही.

आतापर्यंत आपण मालक आणि मिस्त्री या दोघांचाच विचार केला. गेल्या तीन-चार दशकांत या व्यवहारात तिसरा पक्ष प्रबळ झाला आहे, तो म्हणजे गाडी बनवणारी कंपनी. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी संगणकाच्या हुकमावर इंधन सोडणारी यंत्रणा आली. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत दोष सांगणारी ठराविक नमुन्याची संगणकीय यंत्रणा सक्तीची झाली. धूर कमी झाला, हा तिचा मोठा लाभ. पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या उस्तादाला आता यंत्राची आणि कंपनीच्या सांकेतिक माहितीची गरज पडू लागली. ती माहिती कंपनीने दिली नाही, तर मालक आणि मिस्त्री दोघेही दाराबाहेर राहतात.

हे भय काल्पनिक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातील मिस्त्रींना मिळू न देणे, हा ठपका होता. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली, पण प्रश्न उघड्यावर आला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ आणि २०२० अशा दोन वेळा मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली याच हक्कासाठी समिती नेमली; तिच्या विचारार्थ ठेवलेल्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता.

येथे आम्हांस पोप पायस अकरावे यांच्या १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकाचे स्मरण होते. जे काम लहान घटक स्वतः नीट करू शकतो, ते त्याच्या हातून काढून मोठ्या घटकाकडे देणे हा अन्याय आहे. मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, त्याला गिळू नये, असे तत्त्व त्यात मांडलेले आहे. ते लिहिले गेले राज्यसंस्था आणि समाज यांच्याविषयी. पण ते गॅरेजालाही लागू पडते. मालकाला जे करता येते ते मालकाने करावे. त्याच्या आवाक्याबाहेरचे आळीतल्या मिस्त्रीने करावे. मिस्त्रीच्याही आवाक्याबाहेरचे तेवढेच कंपनीकडे जावे, आणि कंपनीने खालच्या दोघांना ज्ञान द्यावे, भाग द्यावेत. बेर्था बेन्झने वाटेतल्या लोहाराला आणि मोच्याला जी कामे दिली, त्यांसाठी तिला कोणाच्या परवान्याची गरज पडली नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी 'इंजिन उतरवावे लागेल' असे शब्द कानी पडतील, तेव्हा वाचकांनी तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. काय बिघडले ते मिस्त्रीला विचारावे आणि समजेपर्यंत विचारावे. प्रामाणिक मिस्त्री झिजलेला भाग हातात देऊन दाखवतो. शक्य असल्यास काम चालू असताना शेजारी उभे राहावे, जमल्यास पाने हातात द्यावेत, घरातील मुलामुलींनाही बरोबर न्यावे. आणि बिल आले की सामानाचा रकाना नीट तपासावा. मजुरीच्या रकान्याशी मात्र, काम चोख झाले असेल तर, घासाघीस करू नये. त्या रकान्यातल्या पैशांवर एक घर चालत असते.